जपून ठेवलेल्या खापरांची साक्ष

वाराणसीचा मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२च्या सुमारास बांधला. पुढे १९१५ मध्ये त्याचा काही भाग दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतला. तो आज दरभंगा घाट म्हणून ओळखला जातो. एका शतकात मालक बदलला, नाव बदलले. मग ज्या जागी वस्तीवर वस्ती चढत गेली, तेथील तळाच्या वस्तीची साक्ष कोण देणार?

या प्रश्नाचे उत्तर मला अमेरिकेतील एका उत्खननात सापडते. आजच्या साउथ कॅरोलिनातील पॅरिस बेटावर १५६२ मध्ये झाँ रिबो याने शार्ल्सफोर ही फ्रेंच गढी उभारली. वर्षभरातच ती ओस पडली आणि १५६६ मध्ये तेथे स्पॅनिशांनी सांता एलेना वसवले. १९२३ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याने खणून काढलेली गढी फ्रेंच समजली गेली. तेथे स्मारकही उभे राहिले. प्रत्यक्षात ती स्पॅनिश होती. स्टॅन्ली साउथ यांनी १९७९ पासून तेथे पद्धतशीर उत्खनन केले. आधीच्या उत्खननांतील काही खापरे फ्रेंच बनावटीची असल्याचे पुढे ध्यानात आले. १९९६ मध्ये साउथ आणि चेस्टर डीप्रॅटर यांनी जाहीर केले, की शार्ल्सफोर दुसऱ्याच एका स्पॅनिश गढीच्या खाली आहे. नोंदी करून जपलेल्या खापरांनी स्मारकाची चूक दुरुस्त केली.

काशीतही असा धडा आहे. १९४० मध्ये रेल्वेच्या कामात राजघाटला असंख्य मुद्रा आणि मृण्मूर्ती वर आल्या. पण त्यांतील बहुतेकांचा थर कळला नाही. कालक्रम नीट लागला, तो १९५७ नंतर प्रा. अवध किशोर नारायण यांच्या नेतृत्वाखाली काशी हिंदू विद्यापीठाने केलेल्या उत्खननांमुळे.

१९५८चा स्मारकविषयक कायदा मुख्यतः घोषित वास्तू आणि स्थळांना कवच देतो. जुन्या शहरांच्या पोटातील अघोषित थर मात्र उघडेच राहतात. सेवेत असताना माझ्यासमोर आलेल्या रस्ते-गटारांच्या फायलींत पाणी, वीज आणि वाहतुकीचे अभिप्राय असत. पुरातत्त्वज्ञाच्या अभिप्रायाचा रकाना नसे. तो रकाना आता हवा. खोदाईआधी पाहणी, खोदाईच्या वेळी नोंद आणि सापडलेल्या वस्तूंसाठी सुरक्षित कोठार, एवढी तरतूद प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात असावी. गमावलेला थर पुन्हा कोणत्याही निधीतून उभा करता येत नाही.