विश्लेषण: आई-वडिलांसोबत दोन दिवस... संभाजीनगरात अर्ध्या वाटेवर भेटणे कसे जमवावे?

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीत स्थिरावलेल्या मराठवाड्यातील अनेक कुटुंबांपुढे एकच प्रश्न असतो. आई-वडील नांदेड, परभणी किंवा जालन्यात. मुलगा-सून किंवा लेक-जावई मुंबईत. आई-वडील उपनगरातल्या फ्लॅटवर आले, की घरची मंडळी सकाळीच लोकल पकडायला बाहेर पडतात आणि हे दोघे दिवसभर टीव्हीसमोर. मुले गावी गेली, तर आईची सुट्टी स्वयंपाकघरात संपते. यावर एक सोपा उपाय म्हणजे दोन्ही घरे सोडून वाटेवरच्या शहरात भेटणे. छत्रपती संभाजीनगर त्यासाठी का सोयीचे आणि काय काळजी घ्यावी?

संभाजीनगरच का?

मुख्य कारण रेल्वेमार्ग. मुंबई-नांदेड तपोवन एक्स्प्रेस सकाळी मुंबईहून निघून दुपारी संभाजीनगरला पोहोचते. नांदेडहून सकाळी सुटणारी तपोवनही परभणी, जालना करत दुपारीच तिथे येते. म्हणजे दोन्ही कुटुंबांना गाडी न बदलता, दिवसाउजेडी, एकाच दुपारी भेटता येते. मुंबईहून हे अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे. नांदेडहून ते बरेच कमी असल्याने ज्येष्ठांचा प्रवास लहान होतो. मुलुंड-घाटकोपरकरांना ठाण्याहून, तर अंधेरी-बोरिवलीकरांना दादरहून गाडी पकडणे सोयीचे. वेळा बदलत असल्याने तिकीट काढताना त्या तपासाव्यात.

तिकीट काढताना काय लक्षात ठेवावे?

नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. मात्र खालच्या बर्थचा कोटा सुरू आहे. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिलांना तो मिळतो, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील आणि दोघेही या वयोगटातले असतील तरच. त्यामुळे आई-वडील रात्रीच्या गाडीने येणार असतील, तर त्यांचे तिकीट स्वतंत्र काढावे. नातवंडाचे नाव त्याच तिकिटावर टाकले, की हा कोटा लागू होत नाही.

कोणत्या दिवशी काय बंद?

वेरूळ लेणी मंगळवारी, तर अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. शुक्रवारी दुपारी पोहोचून रविवारी दुपारच्या तपोवनने परतल्यास दोन्ही अडचणी टळतात आणि एकच रजा लागते. मात्र इतक्या वेळात वेरूळ आणि अजिंठा दोन्ही करण्याचा आग्रह नको. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे, अजिंठा सुमारे १०० किलोमीटरवर. अजिंठ्यासाठी पूर्ण दिवस मोडतो.

गुडघे दुखत असतील तर?

मग वेरूळच निवडावे. तिथल्या ३४ लेण्यांपैकी १६ क्रमांकाचे कैलास लेणे प्रवेशाजवळ, जवळपास सपाटीवर आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात ते एकाच खडकात वरून खाली कोरले गेले. इतर लेणी पाहिली नाहीत तरी या एका लेण्यात दोन तास सहज जातात. अजिंठ्याला खासगी वाहने फर्दापूर फाट्यावर थांबवून पुढचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते आणि त्यानंतर पायऱ्या आहेत. तिथे डोलीची सोय आहे, पण अनेक ज्येष्ठांना डोलीत बसायला संकोच वाटतो. हे आधीच विचारून घ्यावे.

दौलताबादचा किल्ला वेरूळच्या वाटेवरच आहे. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे हलवली होती. वरपर्यंतची चढण मोठी आहे. नातवंडांनी अंधारीतून वर जावे, आजी-आजोबांनी चांद मिनार आणि भारतमाता मंदिराच्या परिसरात थांबावे. सगळ्यांनी सगळे पाहिलेच पाहिजे असे नाही.

आई-वडिलांना काय पाहायचे असते?

अनेकदा मुले मोबाइलवर यादी करतात आणि आई-वडिलांना ती हॉटेलवर पोहोचल्यावर कळते. त्यांच्या मनात बहुधा घृष्णेश्वर असतो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे मंदिर लेण्यांपासून जेमतेम किलोमीटरभरावर आहे. अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना कमरेवरचे कपडे काढावे लागतात, याची वडिलांना कल्पना द्यावी. खुलताबादचा भद्रा मारुतीही जवळच आहे. पैठण, म्हणजे नाथांची समाधी आणि पैठणी, सुमारे ५० किलोमीटरवर वेगळ्या दिशेला आहे. तिथे जायचे असल्यास दुसरे काही वगळावे लागेल.

रविवारच्या सकाळी शहरातच थांबावे. पाणचक्की आणि बिबी का मकबरा दोन-तीन तासांत होतात. मकबऱ्याला ‘दख्खनचा ताज’ म्हणतात, पण तो बेगमेसाठी नव्हे, तर आझमशाहने आपली आई दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ उभारला.

खर्च आणि बोलणे कसे सांभाळावे?

हॉटेलमध्ये लिफ्ट किंवा तळमजल्याची खोली, कमोड आणि शेजारी-शेजारी खोल्या आहेत का, हे फोन करून विचारावे. आधार कार्ड आणि औषधे आई-वडिलांच्या हातातल्या पिशवीत असावीत. उन्हाळा टाळावा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

पैशांचा विषय निघण्यापूर्वीच संपवावा. काउंटरवर बाप-लेकांची ‘मी देतो, मी देतो’ सुरू झाली, की कुणाचे तरी मन दुखावते. खोल्यांचे मुलांनी, एका जेवणाचे वडिलांनी असे ठरवले, तर त्यांचाही मान राहतो.

शनिवारची संध्याकाळ मोकळी ठेवावी. तपासण्यांचे रिपोर्ट, गावच्या घराचे कागद, ‘आता मुंबईलाच या’ हा आग्रह, असे फोनवर अर्धवट राहिलेले विषय तेव्हाच निघतात. इथे कुणीच पाहुणा नसतो आणि कुणीच यजमान नसतो. कुकरची शिट्टी नसते, ऑफिसचा फोन बाजूला ठेवता येतो. त्यामुळे आईही बोलते. रविवारी स्टेशनवर निरोप घेण्याआधी पुढच्या भेटीची तारीख ठरवून घ्यावी. आरक्षण ६० दिवस आधीच खुले होते.