विश्लेषण : नांदूरमध्यमेश्वरचा गाळ काढावा की ठेवावा? पूर आणि पक्ष्यांचे गणित काय?

पावसाळ्यात गंगापूर, दारणा धरणांतून पाणी सोडले की बातमीत एक ओळ हमखास असते : ‘नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग’. हिवाळ्यात याच ठिकाणची दुसरी बातमी येते, ती स्थलांतरित पक्ष्यांची. दोन्ही बातम्यांच्या मुळाशी आहे बंधाऱ्यामागे शतकभर साठत आलेला गाळ. पुराने धास्तावलेल्या गावांना तो नकोसा आहे आणि पक्ष्यांचे तर तेच घर. मग करायचे काय?

ही पाणथळ तयार कशी झाली?

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा बंधारा बांधला गेला. हेतू होता सिंचनाचा. येथून निघणारे गोदावरीचे डावे-उजवे कालवे आजही अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगाव, राहाता भागाला पाणी देतात. नद्यांनी वाहून आणलेली माती बंधाऱ्यामागे साठत गेली. त्यातून बेटे, उथळ पाणी, चिखलाचे काठ आणि पाणकणसाची बने तयार झाली.

१९८६ मध्ये पक्षी अभयारण्य घोषित झाले. जानेवारी २०२० मध्ये या जागेला रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ. लोणार आणि ठाणे खाडी नंतर आली. रामसरच्या नोंदीनुसार येथे ५३६ प्रजाती आढळतात आणि ही पाणथळ पुराचा जोर कमी करण्याचेही काम करते.

गाळाशी पक्ष्यांचा संबंध काय?

सगळा खेळ पाण्याच्या खोलीचा आहे. तुतवार ओल्या चिखलात चोच खुपसून किडे शोधतो. शेकाट्याला पाय टेकतील इतकेच पाणी लागते. चमचा पक्षी उथळ पाण्यात चोच फिरवत चालतो. थापट्या आणि तलवार बदक ही बदके सहसा बुडी मारत नाहीत. मान खाली घालून चोच पोहोचेल तिथवरच त्यांचे अन्न. जांभळ्या पाणकोंबडीला पाणकणसाचा आडोसा हवा, तर कमळपक्ष्याला तरंगती पाने.

म्हणजे पाण्याची पातळी फूटभर वर-खाली झाली तरी कोणाचे ताट वाढले जाते, तर कोणाचे उचलले जाते.

मग गावांची तक्रार चुकीची आहे का?

अजिबात नाही. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला असलेल्या सायखेडा, चांदोरी या गावांत गोदावरीचे पाणी शिरले होते. ज्यांच्या घरादारात आणि दुकानांत चिखल झाला, त्यांना पक्ष्यांचे कौतुक सांगून चालणार नाही.

अभियांत्रिकीचे साधे सूत्र आहे : विसर्ग म्हणजे प्रवाहाच्या छेदाचे क्षेत्रफळ गुणिले वेग. गाळाने छेद लहान झाला आणि वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर तेवढेच पाणी जाण्यासाठी पातळी वर चढते. बंधाऱ्यापाशी पातळी चढली की त्याचा फुगवटा मागे सरकतो. मात्र पुराला गाळ हे एकच कारण नसते. धरणांतून एकाच वेळी सोडलेले पाणी आणि नदीकाठची बांधकामेही त्यात भर घालतात.

सगळाच गाळ काढला तर?

मग उरेल एक खोल जलाशय. चिखलात आणि उथळ पाण्यात खाणारे पक्षी तेथून उठतील. शिवाय वरून माती येणे थांबलेले नसल्याने काही पावसाळ्यांत खड्डे पुन्हा भरू लागतील.

आणि तसाच ठेवला तर?

तेही पक्ष्यांच्या फायद्याचे नाही. गाळ वाढत गेला की उथळ पाण्याची जमीन होते, पाणकणीस पसरते आणि मोकळे पाणी आक्रसते. त्यात भर जलपर्णीची. वरच्या बाजूला असलेल्या नाशिक शहराच्या सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचे खत. तिचा गालिचा पसरला की खालच्या पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात.

जगात असा प्रयोग झाला आहे का?

अमेरिकेतील फ्लोरिडाची किसिमी नदी हे गाजलेले उदाहरण. पूर रोखण्यासाठी १९६२ ते १९७१ दरम्यान सुमारे १६६ किलोमीटरची ही वळणदार नदी ९० किलोमीटरच्या सरळ, खोल कालव्यात कोंडली गेली. पूरमैदान कोरडे पडले आणि हिवाळ्यात येणाऱ्या पाणपक्ष्यांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली.

पुढे चूक उमगली. पूरमैदानातील जमीन सरकारने आधी ताब्यात घेतली, मग १९९९ पासून कालव्याचा सुमारे ३५ किलोमीटरचा भाग बुजवून नदीला जुन्या वळणांवर सोडले. काम २०२१ मध्ये पूर्ण झाले. सुमारे १०० चौरस किलोमीटर पूरमैदान पुन्हा ओले होऊ लागले आणि बगळे, बदके परतली. खर्च सुमारे एक अब्ज डॉलर. नदीची जागा हिरावून घेणे महाग पडते आणि ती परत देणे त्याहून महाग, हा त्यातला धडा.

इथे काय करता येईल?

‘गाळ काढा’ किंवा ‘हात लावू नका’ यांच्या मध्ये बरीच जागा आहे.

* कुठला गाळ? मुख्य प्रवाह आणि दरवाजांसमोरचा गाळ काढून पाण्याला वाट द्यायची. काठाची उथळ पट्टी आणि बेटे राखायची.
* कधी? नोव्हेंबर ते मार्च स्थलांतरित पक्ष्यांचा मुक्काम असतो, तेव्हा यंत्रे नकोत. उन्हाळ्यातही नदीतील बेटांवर घरटी नाहीत ना, हे आधी तपासायला हवे.
* पाणी कसे सोडायचे? हिवाळ्यात पातळी अचानक न चढवता-उतरवता टप्प्याटप्प्याने बदलली, तर चिखलाचे काठ क्रमाने उघडे पडतात. त्यासाठी आवर्तनाचे वेळापत्रक आखताना जलसंपदा आणि वन विभागाने एकत्र बसायला हवे.
* उगमाकडे काय? सांडपाणी शुद्ध झाल्याशिवाय जलपर्णी हटणार नाही आणि पाणलोटातील धूप थांबल्याशिवाय गाळ.
* काठावर काय? राज्यात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होऊ न देणे हा पूरमैदान वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. फ्लोरिडाला तीच जमीन नंतर पैसे मोजून घ्यावी लागली.

पुढच्या पावसाळ्यात नांदूरमध्यमेश्वरच्या विसर्गाचा आकडा वाचाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा : या पाण्याला पसरायला आपण जागा किती ठेवली आहे? सायखेड्यातल्या घरांचे आणि शेकाट्याच्या चिखलाचे भवितव्य त्याच उत्तरावर ठरणार आहे.