छंदाचा व्यवसाय करताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पार्ल्यातल्या कितीतरी घरांत उत्तम हात आहेत. कुणी हलव्याचे दागिने करतं, कुणी रुखवत, कुणी क्रोशाची तोरणं, कुणी कागदी आकाशकंदील. ‘एवढं छान करतेस, मग विकत का नाहीस?’ असं त्यांना सगळेच विचारतात. पण असे उद्योग एकतर सुरूच होत नाहीत, किंवा दोन हंगामांत बंद पडतात. कला कमी पडते म्हणून नव्हे, तर हिशेब आणि नियम यांविषयी चुकीच्या समजुती असतात म्हणून.

गैरसमज : दुकान आणि मोठं भांडवल असल्याशिवाय सुरुवात होत नाही.

वस्तुस्थिती : सुरुवात घरातूनच होते. लोकमान्य सेवा संघासारखी १९२३ पासूनची संस्था पार्ल्यात आहे आणि सणासुदीच्या आधी इथल्या सभागृहांमध्ये विक्री-प्रदर्शनं भरतात. टेबल भाड्यानं घेऊन ग्राहक काय उचलतो, काय पाहून परत ठेवतो, हे तिथे थोड्या खर्चात कळतं. साहित्यासाठी पैसे लागलेच तर मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं.

गैरसमज : साहित्याच्या दुप्पट किंमत लावली की नफा होतो.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीनं केलं आहे. एक साधा हिशेब मांडू. दागिन्यांच्या एका संचाला हलवा, मणी, दोरा, पुठ्ठा मिळून २५० रुपये लागले. काम ६ तासांचं. तासाला ८० रुपये धरले तरी मजुरी ४८०. खोक्याचे ३० आणि प्रदर्शनाच्या भाड्यातला वाटा ६०. एकूण ८२० रुपये. दुप्पटीच्या नियमानं किंमत निघते ५००, म्हणजे प्रत्येक संचामागे ३२० रुपयांचे कष्ट फुकट. हाच संच ३० टक्के कमिशन घेणाऱ्या दुकानात ठेवला, तर ८२० हातात पडायला किंमत १,१७० च्या पुढेच हवी. आणि यात नफा अजून धरलेलाच नाही. ‘घरीच तर बसून करते’ म्हणून स्वतःची मजुरी शून्य धरणं हा हिशेब नव्हे.

गैरसमज : हंगाम आला की कामाला लागायचं.

वस्तुस्थिती : हलव्याचे दागिने मकरसंक्रांत ते रथसप्तमी एवढ्याच काळात लागतात : नव्या नवरीच्या पहिल्या सणाला आणि बाळाच्या बोरन्हाणाला. हलव्याला काटा यायला मंद आचेवर थोडा थोडा पाक घालत बराच वेळ द्यावा लागतो आणि दमट हवेत त्याला पाणी सुटतं. मुंबईत हे सांभाळायचं तर दिवाळी संपताच नमुने, ऑर्डरी आणि हवाबंद साठवण यांची तयारी हवी. उरलेल्या वर्षासाठी तोरण, कंदील, राखी असं दुसरं काम जोडावं लागतं.

गैरसमज : पहिल्या विक्रीपासून जीएसटी लागतो आणि नोंदणीला एजंट लागतो.

वस्तुस्थिती : फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून असे छोटे विक्रेते राज्यातल्या राज्यात ऑनलाइन बाजारपेठांवरही विकू शकतात, मात्र त्यासाठी पॅनच्या आधारे नावनोंदणी करावी लागते. परराज्यात माल पाठवताना नियम बदलतो. अधिसूचित हस्तकला वस्तूंना तिथे २० लाखांपर्यंत सवलत आहे, पण आपली वस्तू त्या यादीत आहे का, हे आधी तपासा. उद्यम नोंदणी आधारच्या मदतीनं सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिच्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

गैरसमज : घरगुती वस्तूला बिल आणि लेबल कशाला?

वस्तुस्थिती : १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचं ग्राहक भवन पार्ल्यातच आहे. इथला ग्राहक जागरूक आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा घरगुती विक्रेत्यालाही लागू होतो. बंद पाकिटावर नाव-पत्ता, प्रमाण, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापावी लागते. दागिन्यांतला हलवा खाण्यासाठी म्हणून विकलात, तर अन्नसुरक्षेचे नियमही पाळावे लागतात.

गैरसमज : नक्षी कुणाचीही उचलली तरी चालते.

वस्तुस्थिती : वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते नाव वापरून केलेला माल त्या समाजाच्या हक्काशी जोडलेला असतो. लोकप्रिय कार्टूनची चित्रं परवानगीविना विकणं हा तर सरळ कॉपीराइटचा भंग आहे. स्वतःची नक्षी काढा. गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याचकडे येतं ते तिच्यासाठी.

आजपासून एक वही ठेवा आणि प्रत्येक नगासमोर साहित्य, तास आणि विक्री लिहा. आणि प्रदर्शनात घासाघीस करणाऱ्या आपण सगळ्यांनी समोरच्या बाईचे ते तास आठवून तिची किंमत पूर्ण द्यावी.