क्रिएटिन : किडनी, केस आणि हार्मोन्स

खुराक आणि पावडर : भाग सातवा

गेल्या आठवड्यात व्हे प्रोटीनबद्दल वाचून ज्यांनी प्रश्न पाठवले, त्यांतल्या बहुतेकांना खरं तर क्रिएटिनबद्दल विचारायचं होतं. आयांना एकच काळजी : मुलगा रोज ही पांढरी पावडर पाण्यात ढवळून पितो, त्याच्या किडनीला काही होणार नाही ना? मुलांची काळजी वेगळी : याने टेस्टोस्टेरॉन वाढतं का, आणि केस जातात का? दोन्ही काळज्या रास्त आहेत आणि दोन्हींना बऱ्यापैकी ठाम उत्तर देता येईल इतकं संशोधन आज उपलब्ध आहे. पण जिममध्ये आणि मोबाइलवर जे ऐकायला मिळतं, ते त्या संशोधनातला एखादाच आकडा उचलून सांगितलेलं असतं. तो आकडा नेमका कशाचा होता, हे सांगायचं राहून जातं. आज ते आकडेच नीट बघू.

क्रिएटिन हे स्टेरॉइड नाही आणि हार्मोनही नाही. आपलं शरीर ते स्वतः बनवतं. आर्जिनिन आणि ग्लायसिन या दोन अमिनो आम्लांपासून त्याची पहिली पायरी मुख्यतः किडनीत होते आणि शेवटची यकृतात. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात साधारण 120 ग्रॅम क्रिएटिन असतं, त्यातलं सुमारे 95 टक्के स्नायूंत. त्यातलं रोज दोनेक ग्रॅम क्रिएटिनिन होऊन लघवीवाटे निघून जातं. ही तूट अर्धी शरीर भरून काढतं, अर्धी मांस-मासळी. एक किलो कच्च्या मटणात किंवा मासळीत चार-पाच ग्रॅम क्रिएटिन असतं, शिजवताना त्यातलंही थोडं कमी होतं. म्हणजे तालमीतल्या पहिलवानाच्या खुराकात मटण कितीही असलं, तरी पाच ग्रॅमच्या एका चमच्याची बरोबरी करणं त्याला रोज जमणारं नाही. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत हा साठा मुळात कमी असतो, त्यामुळे पावडर सुरू केल्यावर त्याच्यात वाढही जास्त दिसते. आपल्याकडच्या घरांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

स्नायूत हे क्रिएटिन फॉस्फेटला धरून बसतं. जोर लावला की स्नायूतलं एटीपी, म्हणजे तात्काळ ऊर्जा देणारं द्रव्य, दोन-तीन सेकंदांत संपायला येतं. तेव्हा फॉस्फोक्रिएटिन आपला फॉस्फेट देऊन ते पुन्हा तयार करतं आणि आणखी काही सेकंद निभावून नेतं. वजन उचलणं, धोबीपछाड मारणं, शंभर मीटर धावणं, सगळं या सेकंदांत बसतं. हे फॉस्फोक्रिएटिन 1927 मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ओळखलं. लंडनमध्ये एगल्टन दांपत्यही त्याच वर्षी त्याच्यापर्यंत पोहोचलं होतं. आंध्रातल्या भीमवरमहून गेलेले हे सुब्बाराव आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

पावडर म्हणून क्रिएटिन पुढे आलं ते 1992 मध्ये. रॉजर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की पाच-पाच ग्रॅमचे डोस दिवसातून चार-सहा वेळा घेतले तर काही दिवसांत स्नायूंतला साठा वाढतो. जिममध्ये ज्याला ‘लोडिंग’ म्हणतात ते हेच. पण 1996 मध्ये हेही सिद्ध झालं, की रोज फक्त तीन ग्रॅम घेतले तरी चार आठवड्यांत साठा तेवढाच भरतो. लोडिंगची घाई करण्याची गरज कुणालाच नसते. एका वेळी दहा ग्रॅम घेतल्यावर पोट बिघडल्याच्या तक्रारी मात्र बऱ्याच जणांच्या असतात.

आता किडनी. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळा घोळ एका रक्ततपासणीत आहे. क्रिएटिनिन हा क्रिएटिनचा टाकाऊ भाग. तो स्नायूंतून ठरावीक वेगाने रक्तात येतो आणि किडनी तो गाळून बाहेर टाकते. रक्तात तो वाढला तर किडनी कमी गाळते आहे, असा निष्कर्ष डॉक्टर काढतात. 1886 मध्ये माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं, की क्रिएटिनिन पिक्रिक आम्लाशी मिसळलं की नारिंगी-तांबडा रंग येतो. त्या रंगावर उभी असलेली तपासणी आजही अनेक लॅबमध्ये होते. तिची सगळी मदार एका गृहीतकावर आहे : माणसाच्या शरीरात क्रिएटिनिन रोज जवळपास सारखंच तयार होतं. रोज पाच ग्रॅम क्रिएटिन घेणाऱ्या, भरदार स्नायूंच्या मुलाच्या बाबतीत हे गृहीतकच डळमळतं. त्याच्याकडे क्रिएटिन जास्त, म्हणून क्रिएटिनिनही जास्त तयार होतं. गाळण्याचं काम नीट चालू असूनही रिपोर्टवर आकडा चढतो.

एक हिशेब करून बघा. 27 वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन 1.1 आलं तर आज वापरात असलेल्या सूत्राने त्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा अंदाजी वेग, सुमारे 94 येतो. तेच क्रिएटिनिन 1.4 झालं की ईजीएफआर थेट 71 वर उतरतो. रिपोर्टमध्ये आकडा ठळक छापलेला, शेजारी बाण. घरात रात्रभर कुणाला झोप लागत नाही. पण ते सूत्र क्रिएटिनिन, वय आणि लिंग एवढंच बघतं. मुलगा काय खातो-पितो, काल संध्याकाळी किती वजन उचललं, रात्री मटण किती खाल्लं, हे त्याला कळायला मार्ग नाही. त्यामुळे रक्त देण्याआधी ‘मी क्रिएटिन घेतो’ हे डॉक्टरांना सांगायचंच. शंका उरली तर सिस्टाटिन-सी नावाची तपासणी करून घ्यायची. ती क्रिएटिनवर अवलंबून नाही आणि स्नायूंच्या आकारमानाचाही तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. सोबत लघवीतलं अल्ब्युमिन तपासलं की चित्र बरंच स्पष्ट होतं.

मग भीती मुळात आली कुठून? 1998 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका 25 वर्षांच्या तरुणाची हकिगत छापून आली. क्रिएटिन घेतल्यावर त्याची किडनी मंदावली आणि थांबवल्यावर सुधारली. पण त्या तरुणाला किडनीचा जुना आजार होता आणि त्यासाठी तो सायक्लोस्पोरिन घेत होता, जे स्वतःच किडनीला जड जातं. वर्तमानपत्रांतून मात्र ‘क्रिएटिन किडनीला घातक’ एवढंच लोकांपर्यंत पोहोचलं. त्याच्या आदल्या वर्षीच्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन मल्ल महिन्याभरात दगावले होते आणि तेव्हाही पहिला संशय क्रिएटिनवर आला होता. चौकशीत दिसलं ते वेगळंच. वजनगटात बसण्यासाठी त्यांनी अन्नपाणी तोडलं होतं आणि घाम न जिरू देणारे सूट घालून उष्ण जागेत व्यायाम केला होता. उष्णता आणि निर्जलीकरण यांनी त्यांचा जीव घेतला. वजन उतरवण्याचे असले प्रकार आपल्या मल्लांनाही नवे नाहीत. मला तर पावडरीपेक्षा त्यांचीच भीती जास्त वाटते.

नंतरच्या अभ्यासांत क्रिएटिनिनच्या फसव्या आकड्यापाशी न थांबता किडनीचं गाळणं प्रत्यक्ष मोजलं गेलं. ब्राझीलमध्ये एकच किडनी असलेल्या एका तरुणाला आधी पाच दिवस रोज 20 ग्रॅम आणि मग महिनाभर रोज पाच ग्रॅम क्रिएटिन दिलं. किरणोत्सारी खूण लावलेलं द्रव्य त्याच्या शरीरातून किती वेगाने बाहेर पडतं, हे आधी आणि नंतर मोजलं. वेग घटला नाही. बेल्जियममधल्या पोर्टमन्स आणि फ्रँको यांनी 1999 मध्ये दहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत क्रिएटिन घेतलेल्या खेळाडूंच्या तपासण्या केल्या. त्यांच्यातही बिघाड आढळला नाही.

दीर्घकाळाच्या सुरक्षिततेचा सगळ्यांत भक्कम पुरावा मात्र व्यायामाच्या क्षेत्राबाहेरून आला. पार्किन्सनचा आजार क्रिएटिनने मंदावतो का, हे पाहण्यासाठी अमेरिका आणि कॅनडात 1,741 रुग्णांवर चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना रोज दहा ग्रॅम क्रिएटिन दिलं, अनेकांना पाच वर्षं आणि त्याहून अधिक काळ. हंटिंग्टन या आजाराच्या चाचणीत तर डोस रोज 40 ग्रॅमपर्यंत नेला होता. आजारावर दोन्ही ठिकाणी उपयोग झाला नाही आणि दोन्ही चाचण्या त्याच कारणाने थांबवल्या गेल्या. आशा लावून बसलेल्या कुटुंबांसाठी तो मोठा धक्का होता. पण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यामुळेच मिळालं : पार्किन्सनच्या त्या रुग्णांत, वय झालेलं, औषधं चालू, डोस दुप्पट आणि काळ इतका मोठा असूनही, गंभीर त्रासाचं प्रमाण क्रिएटिन घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत वेगळं निघालं नाही.

आता हार्मोन्स. टक्कल पडण्याची सगळी चर्चा 2009 च्या एका दक्षिण आफ्रिकी अभ्यासापाशी जाऊन थांबते. रग्बी खेळणारे 20 कॉलेज तरुण. सात दिवस रोज 25 ग्रॅम क्रिएटिन, नंतर 14 दिवस पाच ग्रॅम. टेस्टोस्टेरॉन बदललं नाही. पण त्याच्यापासून तयार होणारं डीएचटी, म्हणजे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, पहिल्या आठवड्यात 56 टक्क्यांनी वाढलं आणि शेवटीही मूळ पातळीच्या 40 टक्के वर राहिलं. पुरुषांच्या आनुवंशिक टकलात डीएचटीचा हात असतोच. केसांसाठी दिलं जाणारं फिनास्टेराइड तेच डीएचटी कमी करतं. तेव्हा तरुण घाबरले यात नवल नाही.

पण तो अभ्यास बारकाईने वाचा. त्याच तरुणांना वेगळ्या टप्प्यात डमी पावडरही दिली होती. क्रिएटिन सुरू करण्याआधीची डीएचटीची पातळी त्या डमी टप्प्यातल्या सुरुवातीच्या पातळीपेक्षा कमी होती, त्यामुळे टक्केवारी मोठी दिसते. वाढल्यावरही पातळी सामान्य मर्यादेतच होती. शिवाय रक्तातलं डीएचटी आणि केसाच्या मुळाशी तयार होणारं डीएचटी एकच नव्हे, डोक्याच्या त्वचेत ते तिथल्या तिथे बनतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्या अभ्यासात केस मोजलेच नव्हते. एकाचेही नाहीत. ‘क्रिएटिनने टक्कल पडतं’ हे वाक्य त्यात कुठेच नाही.

केस मोजले ते 2025 मध्ये. इराणमध्ये व्यायामाची सवय असलेल्या 45 पुरुषांची दोन गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. एका गटाला 12 आठवडे रोज पाच ग्रॅम क्रिएटिन, दुसऱ्याला डमी पावडर. डीएचटी, टेस्टोस्टेरॉन, केसांची घनता, केसांची जाडी, सगळं मोजलं. शेवटपर्यंत टिकलेल्या 38 जणांत दोन गटांमध्ये फरक सापडला नाही. बारा आठवडे हा केसांसाठी फार मोठा काळ नाही आणि माणसंही थोडी, हे मान्य. तरी प्रश्नाला थेट भिडणारा पुरावा म्हणून तो 2009 च्या आकड्यापेक्षा कितीतरी वजनदार आहे. टेस्टोस्टेरॉनबद्दल डझनभर अभ्यास झाले आहेत. बहुतेकांत बदल शून्य, दोनेक ठिकाणी नगण्य वाढ. क्रिएटिनने मर्दानी हार्मोन वाढेल या आशेने घेणाऱ्याच्या पदरी काही पडणार नाही. पहिल्या आठवड्यात वजन एक-दोन किलोने वाढतं ते पाण्यामुळे.

तरीही क्रिएटिनचा डबा हार्मोन्स बिघडवू शकतो, आणि ही गोष्ट मला सगळ्यांत गंभीर वाटते. 2000 आणि 2001 मध्ये जर्मनीतल्या कोलोन इथल्या डोपिंग प्रयोगशाळेने 13 देशांतून 634 सप्लिमेंट्स विकत घेऊन तपासली. हार्मोनचा कुठलाही उल्लेख लेबलवर नसलेल्या या मालापैकी 94 डब्यांत, म्हणजे जवळपास 15 टक्क्यांत, स्टेरॉइडसदृश हार्मोन्स सापडले. एखाद्या मुलाच्या छातीत गाठ येते, चेहरा पुरळाने भरतो, केस झपाट्याने जातात, तेव्हा क्रिएटिनपेक्षा डब्यात आणखी काय होतं हा प्रश्न विचारायला हवा. 2015 मध्ये अमेरिकेत वृषणाच्या कर्करोगाच्या 356 रुग्णांची 513 निरोगी पुरुषांशी तुलना झाली आणि स्नायू वाढवणारी सप्लिमेंट्स घेणाऱ्यांत हा आजार अधिक दिसला. त्या सप्लिमेंट्समध्ये क्रिएटिन, प्रोटीन आणि अँड्रोस्टेनेडिओन हे हार्मोनसदृश द्रव्य अशी सरमिसळ होती, आणि काय-काय घेतलं होतं हे लोकांनी आठवून सांगितलं होतं. त्यावरून क्रिएटिनला दोषी ठरवता येत नाही. पण चार-चार पावडरी एकत्र घेणाऱ्यांनी तो अभ्यास विसरू नये. विकत घेताना साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या. घटकांत दुसरं काही नको, ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असं लिहिलेला डबा तर नकोच. एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक बघा आणि शक्य असेल तर स्वतंत्र प्रयोगशाळेने प्रत्येक बॅच तपासलेला माल घ्या.

स्त्रियांबद्दल विचारणारी पत्रं कमी आली, पण एक अभ्यास सांगतो. कॅनडात रजोनिवृत्तीनंतरच्या 237 स्त्रियांवर दोन वर्षं चाचणी झाली. व्यायामाबरोबर रोज वजनाच्या किलोमागे 0.14 ग्रॅम क्रिएटिन. हाडांची घनता वाढली नाही. किडनी आणि यकृतही बिघडलं नाही.

कुणी घेऊ नये, हेही स्पष्ट सांगतो. किडनीचा आजार आधीपासून असेल, किंवा किडनीवर ताण आणणारी औषधं चालू असतील, तर नेफ्रॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय हात लावू नका. निरोगी माणसांवरचे निष्कर्ष तुम्हाला लागू होत नाहीत. बायपोलर आजार असणाऱ्यांनीही सावध राहावं. 2007 च्या एका छोट्या अभ्यासात नैराश्यासाठी क्रिएटिन दिलेल्यांपैकी बायपोलर असलेल्या दोघांचीही मनःस्थिती उन्मादाकडे झुकली होती. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना टाळावं, कारण तिथे माणसांवरचा पुरावा अपुरा आहे. आणि दहावी-अकरावीतली मुलं? त्यांच्यावर दीर्घकाळाचे अभ्यास फार थोडे आहेत. वाढत्या वयातल्या पोराला आधी पोटभर जेवण, पुरेशी झोप आणि नीट शिकवणारा वस्ताद मिळू द्या. ज्या ट्रेनरने पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिल्याच आठवड्यात डबा दिला, त्याच्याकडे मुलाला पाठवू नका, असं मी कुठल्याही पालकाला स्पष्ट सांगेन.

निरोगी प्रौढाने रोज तीन ते पाच ग्रॅम साधं क्रिएटिन घेतलं तर घाबरण्याचं कारण मला दिसत नाही. गार पाण्यात ते पुरतं विरघळत नाही, तळाशी बसतं, म्हणून कोमट पाण्यात ढवळून लगेच प्या. पुढच्या आठवड्यात व्यायामाआधी घेतल्या जाणाऱ्या ‘प्री-वर्कआउट’ पावडरींकडे वळू. तिथे कॅफिनचा प्रश्न आहे, आणि हृदयाचाही.