इल्मची अमानत जपणारा रसायनशास्त्रज्ञ

दुधाचा पेला मुलाच्या हाती देताना आईच्या मनात शंका नसते. १९५०च्या दशकात अमेरिकेतील आयांच्या मनात ती शिरली. अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटन उघड्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या घेत होते. स्फोटाची किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर दूरदूर जाई आणि पावसाबरोबर कुरणांवर पडे. तिच्यातले स्ट्रॉन्शियम-९० हे द्रव्य कॅल्शियमसारखे वागते. गवतातून ते गाईच्या पोटात, तिथून दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत व दातांत जाऊन बसे. हे लोकांना उघडपणे सांगणाऱ्यांत एक रसायनशास्त्रज्ञ आघाडीवर होते. त्यांचे नाव लायनस पॉलिंग.

२८ फेब्रुवारी १९०१ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहरात त्यांचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते होते. लायनस नऊ वर्षांचे असतानाच वडील वारले आणि घरची ओढाताण सुरू झाली. पडेल ते काम करीत त्यांनी शिक्षण पुरे केले. अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात, याचा त्यांनी ध्यास घेतला. त्या कामासाठी त्यांना १९५४चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबार भागात आढळणारा सिकल सेल आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषामुळे होतो, हेही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९मध्ये दाखवून दिले.

मानमरातब होता, प्रयोगशाळा होती. गप्प बसले असते तर आयुष्य सुखात गेले असते. पण हिरोशिमानंतर ते गप्प बसले नाहीत. या कामाकडे आपल्याला पत्नी एव्हा हेलन यांनी वळवले, असे ते स्वतः सांगत. त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९५२मध्ये सरकारने पासपोर्ट नाकारला आणि लंडनची विज्ञान परिषद हुकली. त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आरोप झाला.

जानेवारी १९५८मध्ये पती-पत्नींनी अणुचाचण्या थांबवण्याचा अर्ज संयुक्त राष्ट्रसंघाला दिला. त्यावर अनेक देशांतील नऊ हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. १९६०मध्ये सिनेटच्या समितीने त्यांना बोलावून विचारले, "या सह्या कोणी गोळा केल्या, त्यांची नावे सांगा." नकार दिला तर तुरुंग होण्याची शक्यता होती. तरीही पॉलिंग यांनी नावे दिली नाहीत. आपल्यावर विश्वास ठेवून काम केलेल्या माणसांना त्रास होईल, हे ते जाणून होते. अखेर समितीनेच माघार घेतली.

आम्हाला त्यांच्या चरित्रातला हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. इल्म ही अमानत आहे आणि लोकांचा भरवसाही अमानतच आहे, असे आपण घराघरांत मुलांना शिकवतो. पॉलिंग आपल्या दीनचे नव्हते. पण या दोन्ही अमानती त्यांनी जपल्या आणि आपल्याच हुकूमतीसमोर खरी गवाही दिली.

१० ऑक्टोबर १९६३ रोजी हवेत, पाण्यात आणि अवकाशात अणुचाचण्यांना बंदी घालणारा करार अमलात आला. त्याच दिवशी पॉलिंग यांना १९६२चे शांततेचे नोबेल जाहीर झाले. दोन नोबेल पारितोषिके, आणि दोन्ही एकट्याच्या नावावर, असा मान आजवर दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. करारानंतरही जमिनीखालच्या चाचण्या चालू राहिल्या. पण मुलांच्या दुधात येणारे विष कमी होत गेले.

१९६७मध्ये ते दिल्लीला आले आणि मौलाना आझाद यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानमालेत विज्ञान व विश्वशांती या विषयावर बोलले.

उतारवयात 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने सर्दी टळते, कॅन्सरलाही आळा बसतो, असे ते आग्रहाने सांगत. नंतरच्या चाचण्यांत हे दावे टिकले नाहीत. थोर आलिमाची गोष्टसुद्धा पारखूनच घ्यावी, हा धडा त्यातून मिळतो. १९ ऑगस्ट १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.

आज आमच्या मुली आणि मुले विज्ञान शाखेकडे जात आहेत, याचा आम्हाला आनंद आहे. त्यांना चांगले गुण मिळोत, नोकरी मिळो. पण जे कळले ते लोकांच्या भल्यासाठी, न भिता सांगण्याची हिंमतही अल्लाह त्यांना देवो, हीच आमची दुआ.