निपाणीची वखार आणि गेम आर्टिस्टचा पोर्टफोलिओ

बेळगुंदी बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोप जलाशयाच्या वाटेवर. लाल माती, रताळी, बटाटा, काजू आणि दरवर्षी भरणारं मराठी साहित्य संमेलन ही गावाची ओळख. अशा गावात एखादा पोरगा रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर उघडून दगडी चौथरा रचत बसला, की शेजारचे काका हटकून विचारणार, ‘काय गा, अजून गेमच खेळालास की?’ तो खेळत नसतो, गेममधलं जग बांधत असतो. त्यातलं घर, हत्यार, झाड, माणूस, धूळ, पडद्यावरचं बटण, हे सगळं कुणीतरी बसून घडवलेलं असतं.

हे काम देणारे मोठे स्टुडिओ आहेत पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोन टोकांना. उत्तरेला पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे. ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवरचा गेम काढणारं नॉडिंग हेड्स गेम्सही पुण्याचंच. दक्षिणेला बंगळुरात राजेश राव यांनी १९९७ मध्ये ध्रुव इंटरअ‍ॅक्टिव सुरू केली. परदेशी गेमसाठी गाड्या, इमारती, पात्रं घडवून देण्यात तिनं नाव कमावलं आणि २०१९ मध्ये ती रॉकस्टार गेम्सनं विकत घेतली. बेळगाव या दोन्हींच्या अधेमधे. मुलाखतीला बोलावणं येईपर्यंत तिकडचा कुणी इथल्या कलाकाराचं तोंडही बघत नाही. त्याच्या वतीनं बोलते ती वेबसाइट.

कामाचा गठ्ठा घेऊन बाहेर पडणं बेळगावला नवं नाही. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या ‘चित्रमंदिर’मध्ये इथल्या किती पिढ्या चित्रकला शिकल्या. त्यांचेच विद्यार्थी रवी परांजपे. १९३५ मध्ये बेळगावात जन्मलेले परांजपे मुंबईच्या जाहिरात व्यवसायात गेले, नैरोबीत काम करून आले, पुढं पुण्यात स्थायिक झाले; २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं. त्या काळी चित्रांची फाइल काखोटीला मारून कचेरीत जायचं आणि साहेब पानं उलटेपर्यंत समोर उभं राहायचं. एखाद्या चित्रावर साहेब थबकला तर दोन वाक्यांत खुलासा करता यायचा. वेबसाइटवर ती सोय नाही. खुलासा पानावरच असावा लागतो, तोही थोडक्यात.

पाहणारा कोण, हे आधी ध्यानात घ्यावं. तो असतो आर्ट डायरेक्टर किंवा भरती करणारा माणूस; समोर ढीगभर दुवे आणि हातात मिनिट-दोन मिनिटं. म्हणून पहिल्या पानावर थेट काम दिसलं पाहिजे. स्वागताचं पान, आपोआप वाजणारं संगीत, फिरतं बोधचिन्ह, ‘माझा कलाप्रवास’ यातलं काहीही नको. एके काळी कलाकारांच्या साइट फ्लॅशमध्ये बनत आणि त्यांत असली नाटकं फार चालत. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि असल्या कितीतरी साइट ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. साधी, हलकी, फोनवरही नीट दिसणारी साइट टिकते.

चित्रांचं वजन हा तर आपल्याकडचा नेहमीचा घोटाळा. गेम इंजिनमधून काढलेला मोठा स्क्रीनशॉट सहज दहा-बारा एमबीचा होतो. तोच १९२० पिक्सेल रुंद करून जेपेग किंवा वेबपीमध्ये साठवला, तर काहीशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक जाणवत नाही. बेळगुंदीत रेंज कमी असताना स्वतःचीच साइट फोनवर उघडून बघावी, सगळं कळतं.

आता काम किती ठेवायचं? रताळ्याचं पोतं सौद्याला उघडलं की व्यापाऱ्याचा हात आधी तळाशी जातो. आर्ट डायरेक्टरही तसाच. उत्तम दहा चित्रांत दोन कच्ची दिसली, तर भाव त्या दोनांवरून ठरतो. पहिल्या वर्षाची स्केचेस, शिकवणीचे व्हिडिओ बघून केलेला तोच तो डोनट, मित्राच्या लग्नपत्रिकेचं डिझाइन हे सगळं बिनदिक्कत काढून टाकावं. सहा-आठ पक्की कामं पुरेत. शिवाय आपण नक्की कोण, हे ठरवावं. पात्रं घडवणारा, परिसर उभा करणारा, हत्यारं-भांडी-फर्निचर अशा सुट्या वस्तू करणारा, धूर-आग-पाण्याचे इफेक्ट करणारा, या मोठ्या स्टुडिओत वेगवेगळ्या नोकऱ्या असतात. ‘मी सगळं करतो’ असं लिहिणाऱ्याला नेमकं कुठं बसवायचं, हे तिथं कुणालाच कळत नाही.

आणि विषय? इथं माझं मत जरा ठाम आहे. ड्रॅगन आणि अंतराळातल्या बंदुका जगभर ढिगानं पडल्यात. त्यापेक्षा निपाणीची जुनी तंबाखूची वखार घ्या. १९८१ च्या शेतकरी आंदोलनामुळं निपाणीचं नाव महाराष्ट्रभर गाजलं. तंबाखू आणि विडी हा या गावाचा जीव. कौलारू छप्पर, लाकडी कैच्या, रचलेली बारदानं, उंचावरच्या झरोक्यातून तिरपा येणारा उजेड आणि त्यात तरंगणारी तंबाखूची धूळ. परिसर करणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

पण वखारीचं एक देखणं चित्र लावलं की झालं, असं नाही. गेममधली वस्तू गेम चालू असताना संगणकाला झेपावी लागते. त्यामुळं ती कशी बांधली, हे दाखवणं निम्मं काम असतं. एक कौल नीट घडवून तेच हजारदा वापरलं, थोडं वाकडं-तिकडं फिरवून, म्हणजे छप्पर यंत्रानं छापल्यासारखं दिसत नाही. लांबून पाहताना तीच कौलं सपाट पत्र्यावर नुसता उठाव भासवून भागतात. भिंतीचे, कैचीचे, दाराचे सुटे तुकडे करून त्यांतूनच तीन वेगळ्या वखारी उभ्या करता येतात. हे सगळं पानावर यावं: जाळीचं चित्र म्हणजे वायरफ्रेम, त्रिकोणांची संख्या, टेक्स्चरचे कागद सुटे करून. पोत्यांच्या थप्पीशेजारी जिथं हमालांचे खांदे घासतात, तिथं भिंत तुकतुकीत होते आणि बाकी चुना कोरडा राहतो. हा फरक टेक्स्चरच्या ‘रफनेस’मध्ये उतरवला असेल, तर जाणकार तिथंच थांबतो. शेवटी अनरिअलसारख्या इंजिनमध्ये चालती दृश्यफीत, अर्ध्या मिनिटाची.

आपल्या मातीतला विषय गेममध्ये चालतो, याची साक्ष ‘राजी’ देतो. २०२० मध्ये आलेल्या या गेममध्ये कथेचे तुकडे छायाबाहुल्यांच्या रूपात येतात आणि त्याचं जग आपल्याकडच्या चित्र-वास्तुपरंपरेतून उचललेलं. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आंबोली घाट उतरून गेलं की पिंगुळीतही आहे. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ ची कमल बस्ती हे जैन मंदिर आहे. तिच्या छताचं दगडी कमळ अजून कुणा पोरानं थ्रीडीत बसवलं असेल, तर मला बघायला आवडेल.

साइट उभी करायला फार खर्च नाही. आर्टस्टेशन हे कलाकारांचं ठिकाण २०१४ पासून आहे, २०२१ मध्ये ते एपिक गेम्सनं घेतलं; भरती करणारे तिथं रोज फिरत असतात, म्हणून तिथं खातं हवंच. पण आपल्या नावाचा वेगळा पत्ताही घ्यावा, वर्षाला हजार-दीड हजाराच्या आसपास पडतो. दुसऱ्याच्या जागेत कधी काय बदलेल, सांगता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आर्टस्टेशनवरच एआयनं बनवलेल्या चित्रांविरुद्ध कलाकारांनी निषेधाची एकच पाटी लावून पहिलं पान भरून टाकलं होतं. त्या वादानंतर कच्ची रेखाटनं, मधले टप्पे यांना जास्तच मोल आलंय. काम हातचं असल्याचा तोच पुरावा.

स्टुडिओत लागल्यावर प्रश्न वेगळा. गोपनीयतेच्या करारामुळं प्रसिद्ध न झालेल्या गेमचं एक चित्रही टाकता येत नाही. पासवर्ड लावून टाकलं, तरी करार मोडतोच. गेम आल्यावर परवानगी विचारून टाकावं आणि ‘मॉडेल माझं, टेक्स्चर सहकाऱ्याचं’ असं स्वच्छ लिहावं. गेमची दुनिया लहान आहे, दुसऱ्याचं काम आपलं म्हणून खपत नाही. आणि नोकरी आहे म्हणून साइट झोपवू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही व्हीएफएक्स-अ‍ॅनिमेशनची कंपनी कोसळली, तेव्हा बंगळूर-मुंबईतल्या अनेकांवर अचानक नवं काम शोधायची पाळी आली.

राहता राहिला संपर्क. प्रत्येक पानावर ईमेल अक्षरांत लिहिलेला असावा, चित्रात नको, कारण चित्रातून तो उचलता येत नाही. फोनच्या आधी अधिक ९१. बायोडाटा एकाच पानाचा, पीडीएफमध्ये. पुण्याला किंवा बंगळूरला पाठवायच्या पत्रात चित्रं जोडू नयेत. कुठल्या जागेसाठी अर्ज, कोणतं काम आधी बघावं आणि साइटचा दुवा, एवढ्या तीन ओळी लिहाव्यात. पाठवण्याआधी तो दुवा दुसऱ्याच्या फोनवर एकदा उघडून पाहावा.