राजवट बदलली, शिवराई राहिली

शिवराईला, म्हणजे शिवरायांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याला, चिंच लावायची नाही, हा पहिला नियम. चिंचेने देवघरातली भांडी लखलखतात. नाण्यावरचा काळपट-हिरवा थर मात्र तिने निघाला की अक्षरांच्या कडाही पुसट होतात. सोलापुरातल्या एका जुन्या संग्राहक काकांचं हे काम मी पाहत आलो आहे. नाणी डिस्टिल्ड पाण्यात भिजत घालायची, पाणी बदलत राहायचं, मग बाभळीच्या काट्याने अक्षरांच्या खाचांतली माती हलकेच उकरायची. सुई चालत नाही, ती तांब्यावर ओरखडे काढते.

मग वाचन. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. पूर्ण मजकूर क्वचितच सापडतो, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. हातोडा तिरका बसला की 'श्री' बाहेरच राहतो. 'शिव' कुठे 'शीव' होतो, कुठे 'सिव'. काका नाणं तिरप्या उजेडात फिरवतात, वेलांटीचं वळण बघतात, मग सोनाराच्या काट्यावर वजन करतात. शिवरायांच्या १६७४च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेली ही नाणी पुढे हलकी होत गेली. पेशवाईत टांकसाळी मक्त्याने दिल्या जात, हे त्याचं एक कारण.

मला खिळवून ठेवते ती दुदांडी शिवराई, 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असलेली. काही दुदांडींवर फसली या महसुली सनाचे आकडे आहेत, १२३०च्या पुढचे. फसली १२३० म्हणजे इसवी १८२०-२१. तोवर पेशवाई संपली होती. मे १८१८मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जनरल मन्रोने सोलापूरचा भुईकोट घेतला होता. त्याच वर्षी स्वीडनच्या गादीवर कार्ल योहान आला आणि तिथल्या तांब्याच्या स्किलिंगवर नव्या राजाची मुद्रा उमटली. इथे सत्ता कंपनीची, आणि तांब्यावर नाव १६८०मध्ये निवर्तलेल्या शिवछत्रपतींचंच!

माझ्या मते याचं कारण बाजारात आहे. मीठ-मिरची, तेल, भाजी घेताना हातोहात फिरणारा पैसा ओळखीचा लागतो. १८३५मध्ये कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी ठरवली, तरी शिवराई पुढे कित्येक वर्षं चालत राहिली.

काका या सनांच्या दुदांडी कंपनीच्या खणात ठेवतात. पाडली कोणाच्या अमलात, हे बघायचं, असं त्यांचं म्हणणं. मी त्या शिवरायांच्या खणातच ठेवीन. लोकांनी त्या घेतल्या त्या शिवराई म्हणूनच.